भिंतीवरची पाण्याची रेघ



इटलीहून परत आलो त्या दिवशी एस.टी. स्टँडवरच आम्हाला पहिला प्रश्न आला, "काय काय बघितलंत गं तिकडं?" आम्ही चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. मोठमोठी देवळं, म्हणजे त्यांची चर्च, संगमरवरी पुतळे, पाचशे वर्षांपूर्वीची चित्रं, हे सगळं बघितलंच होतं. पण घरी येऊन आठवत राहिलं ते वेगळंच. एक बंद पडलेलं घड्याळ, पावाची एक जुनी भट्टी, पुराच्या पाण्याची भिंतीवरची खूण आणि कोल्हापूरच्या राजाच्या नावानं ओळखला जाणारा एक पूल. आज त्याबद्दलच बोलणार आहोत.

आधी आम्ही तिथं कशा पोचलो ते सांगतो. इटलीत तुरीन नावाचं शहर आहे. तिथं शेतमाल आणि खाण्याच्या पदार्थांचा एक मेळावा होता आणि आमच्या गटांच्या मिरचीला, नाचणीच्या पापडाला त्याचं बोलावणं आलं. तिकिटाचा खर्च बोलावणाऱ्यांनी केला. मेळावा संपल्यावर चार दिवस हातात होते, म्हणून बोलोन्या आणि फ्लॉरेन्स ही दोन शहरंही बघून आलो. सोबत दुभाषी म्हणून एक पंजाबी मुलगी होती. तिकडं बरीच पंजाबी कुटुंबं दुधाच्या गोठ्यांवर काम करतात. ही तशाच घरातली, तिथंच वाढलेली. ती आमच्याशी हिंदीत बोलायची आणि आम्हाला आंटी म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "आंटी, आपको पुराना देखना है या नया?" आमच्यातली एक म्हणाली, "बाई, जुनं तर सगळेच दाखवतात. तुझ्या आजीच्या काळात इथं काय झालं ते दाखव."

तिथून आमचं बघणं बदललं. राजेरजवाड्यांचा इतिहास लांबचा. आजीच्या काळातला इतिहास कसा असतो, तर त्यातली माणसं अजून कुणाला तरी आठवत असतात. इटलीसारख्या जुन्या देशात हा अलीकडचा इतिहास जुन्याच्या आड दडलेला असतो. शोधला तर सापडतो.

तुरीनपासून सुरुवात करू. तिथं लिंगोत्तो नावाची मोटारींची एक अवाढव्य फॅक्टरी आहे. फियाट कंपनीनं ती बांधली आणि १९२३ साली सुरू केली. इमारत पाच मजली आणि लांबी जवळपास अर्धा किलोमीटर. कच्चा माल तळमजल्यावर यायचा. एकेका मजल्यावर गाडीचं काम पुढं पुढं जायचं आणि तयार गाडी गच्चीवर निघायची. गच्चीवर काय, तर गाडी पळवून बघायचा रस्ता! दोन्ही टोकांना वळणं असलेला, एक किलोमीटरपेक्षा लांब. मजल्यांमधून वर जायला गोल गोल फिरत जाणारा चढ आहे. गहू वरून टाकला की पीठ खाली येतं, ही आपली गिरणी. इथं उलटा प्रकार होता. माल खालून वर जायचा.

त्या काळी जगभरचे इमारती बांधणारे लोक ही फॅक्टरी बघायला येत. तिच्यावर नक्षी नाही, खांबांवर वेलबुट्टी नाही. सिमेंट-काँक्रीट आणि खिडक्याच खिडक्या. जसं काम, तशी इमारत. आधुनिक वास्तुकला म्हणजे काय, हे आम्हाला तिथं कळलं. शोभेसाठी बांधायचं नाही, कामासाठी बांधायचं आणि त्या कामातच शोभा शोधायची.

ही फॅक्टरी १९८२ साली बंद झाली. दुभाषी मुलीनं साल सांगितलं आणि आमच्यातली एक गप्पच झाली. तिचे वडील मुंबईला गिरणीत होते. आपल्याकडचा गिरण्यांचा मोठा संप जानेवारी १९८२ चाच. तिचे वडील ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. पुढं गिरण्यांच्या जागी मॉल आले आणि टॉवर आले. लिंगोत्तोतही आता दुकानं आहेत, हॉटेल आहे आणि प्रदर्शनाचे हॉल आहेत. रेंझो पियानो नावाच्या वास्तुविशारदानं तिचं रूप बदललं. पण इमारत पाडली नाही. गच्चीवरचा तो रस्ता तसाच आहे आणि आता त्याच्या कडेनं हजारो झाडं लावून बाग केली आहे. आमची मैत्रीण त्या गच्चीवर उभी राहून म्हणाली, "माझ्या बापाच्या खात्याची एक भिंत तरी अशी उभी असती, तर पोरांना हात लावून दाखवली असती." आम्ही त्यावर काही बोललो नाही.

तुरीनमध्ये कामगारांची आणखी एक गोष्ट आहे. मुसोलिनीची हुकूमशाही तिथं १९२२ पासून होती. दुसरं महायुद्ध चालू होतं, खायला पुरेसं नव्हतं आणि संप करणं हा गुन्हा होता. तरी मार्च १९४३ मध्ये तुरीनच्या कारखान्यांतून काम थांबलं. मागणी होती पावाची आणि युद्ध थांबवण्याची. त्यात बायकाही होत्या. हुकूमशाहीला तडा गेला त्यात या संपांचा वाटा होता.

आता बोलोन्या. हे शहर ओसऱ्यांचं. रस्त्याच्या कडेला घरांच्या खालून खांबांच्या ओसऱ्या मैलोगणती गेल्या आहेत. पावसात छत्री न उघडता बाजार करून घरी यावं. त्यातल्या बऱ्याच शेकडो वर्षं जुन्या. २०२१ साली युनेस्कोनं या ओसऱ्यांना जागतिक वारशात घेतलं. तेव्हा जुन्याबरोबर एक नवी ओसरीही घेतली. शहराबाहेर बार्का नावाच्या वस्तीत दुसऱ्या महायुद्धानंतर कामगारांसाठी घरं बांधली. त्यातल्या एका लांबलचक इमारतीला लोक 'ट्रेन' म्हणतात. तिच्याखालची ओसरी काँक्रीटची आहे, पण ओसरीच आहे. घर नवं बांधताना बांधणाऱ्यानं गावाची सवय सोडली नाही. घरकुलं बांधणाऱ्यांनी आपल्या ओट्याचा असा विचार केला असता तर, असं आम्हाला वाटून गेलं.

बोलोन्यात नव्या चित्रांचं एक संग्रहालय आहे. आम्हाला त्या चित्रांपेक्षा इमारत आवडली, कारण ती पावाची सरकारी भट्टी होती. पहिल्या महायुद्धात पाव महाग झाला आणि मिळेनासा झाला. तेव्हाचे नगराध्यक्ष फ्रान्चेस्को झनार्दी यांनी नगरपालिकेचीच भट्टी उभारली आणि लोकांना रास्त दरात पाव दिला. लोक त्यांना पावाचा नगराध्यक्ष म्हणत. २००७ पासून तिथं संग्रहालय आहे. भुकेच्या काळात शहरानं काय केलं, त्याची आठवण अशी इमारतीत राहिली.

शहराच्या मुख्य चौकात नगरपालिकेच्या भिंतीवर लहान लहान फोटो लावलेले आहेत, दोन हजारांच्या आसपास. हे फोटो जर्मन फौजा आणि फॅसिस्टांविरुद्ध लढताना मेलेल्या माणसांचे. याच भिंतीपाशी फॅसिस्टांनी लोकांना गोळ्या घातल्या होत्या. २१ एप्रिल १९४५ रोजी बोलोन्या सुटलं, तेव्हा घरच्या माणसांनी तिथं येऊन फुलं ठेवली, फोटो लावले. त्याचंच पुढं स्मारक झालं. आम्ही त्यात बायका शोधल्या. सापडल्या. कुणी निरोप पोचवणारी, कुणी हत्यार घेतलेली. काही तर आमच्या पोरींच्या वयाच्या. १९४६ साली इटलीतल्या बायकांनी देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं. २ जून १९४६ रोजी राजा हवा की प्रजासत्ताक, हेही लोकांनी मतानं ठरवलं आणि राजा गेला. घटना लिहायला ५५६ जण निवडून आले, त्यात बायका २१. आपल्या घटना समितीत बायका होत्या १५. म्हणजे त्यांच्या आणि आपल्या बायकांनी घटनेच्या कामाला हात लावला तो एकाच सुमाराला.

आणि ते घड्याळ. बोलोन्या स्टेशनाच्या भिंतीवरचं घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेलं आहे. आम्हाला वाटलं, बिघडलं असेल. पण २ ऑगस्ट १९८० रोजी, सुट्टीच्या गर्दीत, बरोबर त्या वेळी दुसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षालयात बॉम्ब फुटला होता. ८५ माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. मेलेल्यांत सर्वांत लहान मुलगी तीन वर्षांची. बॉम्ब नव-फॅसिस्ट दहशतवाद्यांनी ठेवला होता. रुग्णवाहिका पुरेनात, म्हणून ३७ नंबरची शहरबस मृतदेह न्यायला वापरली. तिच्या खिडक्यांना पांढऱ्या चादरी बांधल्या. आता त्या प्रतीक्षालयात भिंतीची ती फट तशीच ठेवली आहे आणि बाजूला नावं आहेत, प्रत्येकाच्या वयासकट. तिथं आजही लोक गाडीची वाट बघत बसतात. कुणी डबा खातं, कुणी पोराला झोपवतं. रोजच्या वापराच्या जागेतच आठवण ठेवली आहे. वेगळं कुलूप लावलेलं स्मारक असतं, तर आमच्यासारख्या वाटसरूंच्या नजरेला ते पडलंही नसतं.

तिसरं शहर फ्लॉरेन्स. तिथं लोक जुनी चित्रं बघायला जातात. आम्ही गाडीतून उतरलो आणि स्टेशनच बघत राहिलो. हे स्टेशन १९३५ साली सुरू झालं. जोव्हान्नी मिकेलुच्ची आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी त्याचा आराखडा केला. समोर शेकडो वर्षांचं चर्च आहे. म्हणून स्टेशन बसकं ठेवलं, चर्चच्या वर डोकं काढू दिलं नाही. जुन्या शहरात जो पिवळसर तपकिरी दगड आहे, तोच इथं वापरला. आकार मात्र पूर्ण नवा, सरळ रेषांचा आणि काचेचा. नवी सून घरात येते, आपलं शिक्षण, आपली नोकरी घेऊन येते, पण आल्याबरोबर सासूची चूल फोडत नाही. तसं ते स्टेशन.

पण इमारत चांगली म्हणून काळ चांगला होता असं नाही. ती बांधली तेव्हा सत्ता मुसोलिनीची होती. याच स्टेशनातून नोव्हेंबर १९४३ मध्ये ज्यू लोकांना गाडीत कोंडून मृत्यूच्या छावणीकडं पाठवलं. तिथं त्याची पाटी आहे. चांगली इमारत आणि वाईट कृत्य, दोन्ही एकाच छताखाली. दोन्ही सांगितलं तरच इतिहास पुरा होतो.

फ्लॉरेन्समधून आर्नो नदी वाहते. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानं नदीवरचे सगळे पूल उडवले, फक्त दुकानांचा प्रसिद्ध जुना पूल ठेवला. त्याच्या दोन्ही टोकांची घरं मात्र पाडली. म्हणून आज त्या जुन्या पुलाशेजारी घरं बघा, ती नवी आहेत. सांता त्रिनिता नावाचा पूल लोकांनी नदीतले दगड वर काढून पुन्हा जसाच्या तसा बांधला आणि १९५८ साली तो खुला झाला. त्यावर चार ऋतूंचे पुतळे आहेत. वसंत ऋतूचं डोकं तेवढं सापडेना. ते १९६१ साली नदीत सापडलं आणि धडावर बसवलं.

मग एका गल्लीत आमची दुभाषी थांबली आणि म्हणाली, "ऊपर देखो." आमच्या डोक्याच्या कितीतरी वर भिंतीवर दगडाची पाटी होती. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोचं पाणी इथपर्यंत आलं, असं तीवर कोरलेलं. त्याच भिंतीवर, थोडी खाली, दुसरी पाटी. ती १३३३ सालच्या पुराची. तीत लाटा कोरल्या आहेत आणि पाण्याची रेघ दाखवणारा एक हात. दोन्ही पुरांची तारीख एकच, ४ नोव्हेंबर! मधे सहाशेहून जास्त वर्षं.

१९६६ च्या पुरात घरं गरम करायला साठवलेलं तेल पाण्यात मिसळलं होतं. पाणी ओसरलं, पण भिंतींवर काळी तेलकट रेघ राहिली. हजारो पुस्तकं, चित्रं चिखलात गेली. देशोदेशींची तरुण मुलं आली आणि चिखलातून एकेक पुस्तक उचललं. लोकांनी त्यांना चिखलातले देवदूत म्हटलं. आम्ही नदीकाठच्या बायका. चिखल काय असतो हे आम्हाला सांगावं लागत नाही. त्या गल्लीत आमचं काय झालं ते शेवटी सांगतो.

शेवटच्या दिवशी शहराच्या टोकाला काशीने नावाच्या मोठ्या बागेत गेलो. तिथं आर्नोला मुन्योने नावाची लहान नदी मिळते. त्या संगमावर एक छत्री आहे आणि छत्रीत फेटेवाल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज दुसरे. १८७० साली ते विलायतेला गेले. परत येताना फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबरला वारले. वय विशीचं. दहन करायची तिथं रीत नव्हती. खास परवानगी काढून संगमावर त्यांचं दहन झालं. १८७४ साली ही छत्री झाली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. ज्या गादीवर पुढं राजर्षी शाहू महाराज आले, त्या गादीचा हा तरुण राजा. तिथले लोक या जागेला 'इंदियानो' म्हणतात, म्हणजे भारतीय.

आणि छत्रीशेजारीच, आर्नोवर, १९७८ साली पुरा झालेला एक आधुनिक पूल आहे. पात्रात एकही खांब नाही. दोन्ही काठांवर उंच लोखंडी मनोरे आणि त्यांच्यापासून निघालेल्या जाड तारांनी दोनशे मीटरहून लांब रस्ता तोलून धरलेला. वर गाड्या, खाली पायी चालणाऱ्यांसाठी वाट. पुलाचं नाव त्याच जागेवरून पडलं, इंदियानोचा पूल. रोज त्यावरून जाणाऱ्यांतल्या कितीजणांना कोल्हापूर माहीत असेल? आम्ही संगमाला हात जोडले. एकीनं पर्समधली हळद-कुंकवाची पुडी काढून दोन चिमटी वाहिली.

इटलीच्या मातीत आपली आणखीही माणसं आहेत. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी तिथं लढल्या. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्याचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना पाण्यातून वाहून आणलं, त्यांनाही तोच मान मिळाला. मोंतोने गावात २०२३ साली घाडगे यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. आम्हाला तिथवर जाता आलं नाही. पण बोलोन्या सुटलं ते जाधवांच्या त्या लढाईनंतर बाराच दिवसांनी, हे भिंतीवरच्या फोटोंपुढं उभं असताना आम्हाला ठाऊक असायला हवं होतं.

आता कामाचं. कुठल्याही गावी जा, पंढरपूरला जा नाही तर परदेशी, अलीकडचा इतिहास शोधायचा कसा?

पहिलं, स्टेशन किंवा स्टँडपासून बघायला लागा. बांधणीचं साल विचारा आणि तेव्हा सत्ता कुणाची होती ते विचारा.

दुसरं, रस्त्यांची नावं वाचा. इटलीत गावोगावी '२५ एप्रिल रस्ता' असतो, कारण १९४५ साली त्या तारखेला देश फॅसिस्टांपासून सुटला असं ते मानतात. मात्तेओत्ती या नावाचे रस्तेही जागोजाग. हे खासदार मुसोलिनीविरुद्ध बोलले आणि १९२४ साली त्यांचा खून झाला.

तिसरं, जुन्या घरांच्या रांगेत एखादं घर मधेच नवं दिसलं, तर आधी तिथं काय होतं आणि ते कसं गेलं, ते विचारा.

चौथं, बंद पडलेल्या कारखान्याचं, गिरणीचं, भट्टीचं आता काय झालं ते बघा.

पाचवं, नावांच्या प्रत्येक यादीत बायका शोधा. सापडल्या नाहीत, तर का नाहीत ते विचारा.

आता त्या गल्लीतली गोष्ट. ती पाटी बघून आमच्यातली एक भिंतीला टेकून रडली. २०१९ च्या पुरात आमच्या गावात शाळेच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं, त्याची रेघ पोरांनी विटकरीनं मारून ठेवली होती. पुढच्या वर्षी शाळेला रंग दिला आणि ती रेघ पुसली गेली. दिसायला बरी दिसेना म्हणून. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढायला लागलं. गटाची मिरची आणि नाचणी कुठं हलवायची, यावर रात्री भांडण झालं. कुणी म्हणालं, मागल्या वेळी देवळाच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं नव्हतं. कुणी म्हणालं, लागलं होतं. दाखवायला खूण कुठं होती? ज्या मैत्रिणीनं ठामपणे "लागलं नव्हतं" म्हटलं, तिचं ऐकून पोती देवळात ठेवली. पहाटे ती भिजली. तो माल कर्जावर घेतलेला होता. हप्ते फेडायला दोन वर्षं लागली. तिला कुणी फार बोललं नाही, पण ती गटाच्या बैठकीत मागं बसायला लागली. त्या गल्लीत रडली ती हीच.

परत आल्यावर आम्ही गटाची बैठक घेतली. तिलाच अध्यक्षस्थानी बसवलं. चार म्हाताऱ्यांना बोलावलं, २००५, २०१९ आणि २०२१ चे मोबाईलमधले आणि कपाटातले फोटो गोळा केले, आणि देवळाच्या, शाळेच्या, पंचायतीच्या भिंतीवर तिन्ही पुरांच्या रेघा ठरवल्या. वाद झाले. फोटोतल्या दाराची उंची टेपनं मोजून वाद मिटवले. पंचायतीच्या परवानगीनं तीन ठिकाणी दगडी पाटी बसवली. खर्च वर्गणीतून झाला. पाटीवर फक्त साल आणि रेघ आहे. उद्घाटनाला कुणाला बोलावलं नाही.

तुमच्याही गावात अशी एखादी रेघ असेल. पुराची असेल, दुष्काळात खणलेल्या विहिरीची असेल, बंद पडलेल्या सूतगिरणीची असेल. भिंतीला रंग द्यायच्या आधी ती एकदा वाचा आणि आजीला विचारून तिच्याशेजारी साल लिहून ठेवा. पुढच्या रात्री पोती कुठं ठेवायची, हे आपल्या पोरींना त्यावरून कळेल.

नमस्कार.